बंद टीव्ही युनिटमधील उपकरणांसाठी शांत पंखा कसा निवडावा

घराचे फर्निचर करून घेताना टीव्ही युनिटला शटर लावून घेण्याकडे हल्ली बहुतेकांचा कल असतो. सेट-टॉप बॉक्स, राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, त्यांचे ॲडॅप्टर आणि वायरींचा गुंता हे सारे शटरच्या आड गेले की दिवाणखाना नीटनेटका दिसतो आणि लहान मुलांचे हातही तिथवर पोहोचत नाहीत. अडचण अशी की प्लायवूडमधून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल आणि ३० सेंटिमीटर उंच असा १८ मिलिमीटर प्लायचा बंद खण घेतला आणि त्यात मिळून ४० वॅट वीज घेणारी उपकरणे अहोरात्र चालू ठेवली, तर आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसने तापलेली राहते, असे साध्या हिशेबाने निघते. खोलीत ३४ अंश असतील तर खणात ४६ ते ४९ अंश होतात. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा ४० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानात ते वापरावे, असे स्पष्ट लिहिलेले असते.

या जादा उष्णतेचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ॲडॅप्टरमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग असतात, त्यांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आणि आजही वापरात असलेला ठोकताळा आहे. राउटरसाठी घेतलेल्या छोट्या यूपीएसमधील लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर निकामी होते, आणि रेकॉर्डरमधील हार्ड डिस्क रात्रंदिवस फिरत असल्याने तिला तर उसंतच नसते. असा खण थंड ठेवायला पंखा हवाच, पण तो बैठकीच्या खोलीत सतत चालणार असल्यामुळे त्याचा आवाज हा निवडीतला सर्वांत अवघड भाग ठरतो. दुकानात किंवा ऑनलाइन ‘सायलेंट’ असे लिहिलेला पंखा आणला म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही, कारण खणात बसवलेल्या पंख्याचा आवाज पंख्याच्या दर्जापेक्षाही त्याला किती वेगाने फिरावे लागते आणि हवेची वाट किती मोकळी आहे यावर जास्त ठरतो.

पंखा आणण्याआधी खणातले ओझे कमी करावे

सर्वांत आधी राउटर बाहेर काढता येतो का ते पाहावे. बंद खणात त्याला उष्णता सोसावी लागतेच, शिवाय प्लाय, आरसा किंवा धातूची जाळी यांच्यामुळे वाय-फायचा सिग्नलही कमकुवत होतो. राउटर युनिटच्या वर किंवा भिंतीवर गेला की आतली १० वॅटच्या आसपासची उष्णता कमी होते आणि घरातल्या दूरच्या खोलीत इंटरनेटही सुधारते. सेट-टॉप बॉक्स रात्री रिमोटने स्टँडबायवर टाकला तरी अनेक बॉक्स बऱ्यापैकी गरम राहतात. तो बटणापासून बंद करण्याची सवय लावणे हा फुकटचा उपाय आहे. घरात जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर असेल तर तो गाणी चालू नसतानाही उष्णता टाकत राहतो, म्हणून त्याला खणात सर्वांत वर, डोक्यावर किमान ५ ते ७ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसवावे. त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, ती दोन्ही उपकरणांना मारक आहे.

एक गोष्ट इथे निक्षून सांगायला हवी. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी अशा खणात ठेवून तिच्यासाठी पंखा लावण्याचा विचार करू नये. चार्जिंगच्या वेळी त्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि बंद जागेत तो साठणे धोक्याचे असते. तिची जागा हवेशीर बाल्कनीत किंवा उघड्या ट्रॉलीवर असावी. हा लेख केवळ कमी विजेच्या उपकरणांपुरता आहे, लेड-ॲसिड बॅटरीच्या इन्व्हर्टरसाठी नाही.

राउटर बाहेर गेला आणि आत फक्त १० ते १५ वॅटचे एखादे उपकरण उरले, तर मागच्या प्लायला वर आणि खाली भोके पाडून काम भागते. गरम हवा आपोआप वर सरकते आणि खालून थंड हवा येते. अशा ठिकाणी पंखा न लावणे हीच सर्वांत शांत व्यवस्था होय.

हवा किती लागेल याचा हिशेब

आत २५-३० वॅटच्या वर उष्णता असेल तर हिशेब करून पंखा घ्यावा. त्यासाठीचे सूत्र सोपे आहे. तासाला जितके घनमीटर हवा लागेल तो आकडा काढण्यासाठी खणातील एकूण वॅटला ३ ने गुणावे आणि खोलीपेक्षा आत जितके अंश जास्त चालतील त्या आकड्याने भागावे. पंख्यांवर प्रवाह अनेकदा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत दिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर.

वॅटचा आकडा ॲडॅप्टरवरच्या छापील मजकुरावरून काढू नये. तिथे ॲडॅप्टरची कमाल क्षमता लिहिलेली असते, प्रत्यक्ष वापर बऱ्याचदा तिच्या निम्म्याहून कमी असतो. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा साधा वॅटमीटर मिळतो, त्याने संपूर्ण एक्स्टेंशन बोर्ड एकदम मोजावा. रेकॉर्डर जर नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज पुरवत असेल, तर ती वीज कॅमेऱ्यांपाशी खर्च होते, खणात नव्हे, त्यामुळे मीटरवरचा आकडा थोडा कमी धरायला हरकत नाही.

समजा सेट-टॉप बॉक्स, रेकॉर्डर, छोटा यूपीएस आणि ॲडॅप्टर मिळून ४० वॅट होतात, उन्हाळ्यात खोली ३४ अंश असते आणि आत ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. म्हणजे फरक ६ अंशांचा. ४० गुणिले ३ भागिले ६, उत्तर २० घनमीटर. हा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण संगणकाच्या केसमध्ये लावायचा १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्यावर तासाला ९० ते १०० घनमीटर हवा ढकलतो. खणाच्या भोकांतून, जाळीतून आणि वायरींच्या आडून हवा ओढताना त्यातली निम्मी क्षमता गेली असे धरले, आणि पंखा निम्म्याच वेगाने फिरवला, तरी २२ ते २५ घनमीटर हाती उरतात. मोठा पंखा मंद फिरवणे एवढाच शांततेचा खरा मार्ग आहे, आणि घरगुती खणाच्या बाबतीत तो सहज परवडतो.

मोठा ॲम्प्लिफायर असेल तर गणित बदलते. एकूण १४० वॅट आणि फरक ६ अंश धरला तर ७० घनमीटर लागतात. तिथे एकच पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे निवांत चालवावेत.

एक मर्यादा मात्र पंखा कोणताही घेतला तरी राहते. पंखा खणाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात बंद घराची खोलीच दुपारी ४० अंशांच्या घरात जाते, तेव्हा खणात कितीही हवा खेळवली तरी तापमान त्याखाली येणार नाही. अशा वेळी पंख्याचा वेग वाढवून केवळ आवाज वाढतो. गावाला जाताना रेकॉर्डर सोडून बाकीची उपकरणे बटणापासून बंद करणे तिथे जास्त उपयोगाचे.

वेग, आकार आणि डेसिबल

पंख्याचे पाते दुप्पट वेगाने फिरले की हवा साधारण दुप्पट मिळते, पण आवाज जवळपास १५ डेसिबलने वाढतो. उलट बाजूने पाहिले तर वेग निम्मा केला की तेवढाच आवाज उतरतो, आणि १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी जाणवते. एकसारखे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एका वेगवान पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे लावले तर तेवढीच हवा मिळूनही एकूण आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो.

आकाराचेही तसेच. ८० मिलिमीटरच्या पंख्याला जी हवा ढकलायला गरगरा फिरावे लागते, ती १२० मिलिमीटरचा पंखा रमतगमत ढकलतो, शिवाय छोट्या वेगवान पंख्याचा सूर चढा असतो आणि चढा सूर कानाला जास्त टोचतो. जागा असेल तर १४० मिलिमीटर, नसेल तर १२० मिलिमीटर, आणि अगदीच अडचण असेल तर ९२ मिलिमीटर असा क्रम ठेवावा. जाडी २५ मिलिमीटरच असावी. १५ मिलिमीटर जाडीचे पातळ पंखे दिसायला सोयीचे, पण तेवढ्याच हवेसाठी ते बहुधा जास्त कुरकुरतात.

खोक्यावरचा डेसिबलचा आकडा वाचताना तो कंपनीने आवाजमुक्त खोलीत, सहसा एक मीटर अंतरावरून, मोकळ्यावर फिरणाऱ्या पंख्याचा मोजलेला असतो हे ध्यानात ठेवावे. काही स्वस्त पंख्यांवर २० डेसिबल छापलेले असते, पण कोणत्या वेगाला ते लिहिलेले नसते. असा आकडा निरुपयोगी समजावा. ज्या कंपन्या वेग, प्रवाह, दाब (अडथळ्यातून हवा ढकलण्याची ताकद) आणि आवाज हे चारही आकडे एकत्र देतात, त्यांच्यावरच विसंबावे. उदाहरणार्थ, नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीच्या एनएफ-एस१२ए या पंख्याचे आकडे मिनिटाला १,२०० फेरे, तासाला १०७.५ घनमीटर, १.१९ मिलिमीटर पाण्याचा दाब आणि १७.८ डेसिबल असे आहेत, तर त्याच कंपनीच्या एनएफ-ए१२एक्स२५ या पंख्याचे २,००० फेरे, १०२.१ घनमीटर, २.३४ मिलिमीटर आणि २२.६ डेसिबल. प्रवाह जवळपास सारखाच, दाब मात्र दुप्पट. पंखा मोठ्या मोकळ्या भोकावर बसणार असेल तर पहिला पुरेसा आणि शांत. पंख्यासमोर बारीक जाळी, धूळगाळणी किंवा अरुंद फट असेल तर दाब जास्त असलेला दुसरा घेऊन त्याचा वेग कमी करणे श्रेयस्कर. आर्क्टिक कंपनीचा पी१२ हाही दाबासाठी बनवलेला आणि तुलनेने स्वस्त पंखा आहे. रंगीत रोषणाईच्या पंख्यांचे पैसे शटरच्या आड वाया जातात, शिवाय फटीतून रात्रभर प्रकाश झिरपतो तो वेगळाच.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने दिवाणखान्यात छताचा पंखा चालू असतो, आणि त्याचा आवाज खणातल्या मंद पंख्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. १८ आणि २२ डेसिबलमधला फरक तिथे कोणाच्याच कानाला कळणार नाही. टीव्ही युनिट झोपण्याच्या खोलीत असेल, किंवा घरात कोणी रात्री शांतपणे संगीत ऐकणारे असेल, तरच शेवटच्या दोन-चार डेसिबलसाठी जास्त पैसे मोजावेत.

बेअरिंग

नवा असताना कोणताही पंखा गप्प असतो. वर्ष-दोन वर्षांनी जी घरघर सुरू होते ती बेअरिंगची. साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि सुरुवातीला शांत असते, पण उष्णतेने त्यातले वंगण आटते आणि पंखा आडवा, म्हणजे छताला किंवा तळाला समांतर बसवला तर ते लवकर झिजते. बॉल बेअरिंग उष्णता आणि आडवी मांडणी दोन्ही सोसते, पण त्याची बारीक खरखर पहिल्या दिवसापासून असते आणि शांत खोलीत ती ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. ते शांतही असते आणि टिकतेही. बैठकीच्या खोलीसाठी हेच घ्यावे. नुसते ‘हायड्रॉलिक’ असे लिहिलेले असेल तर ते बहुधा सुधारित स्लीव्हच असते. कोकण, गोवा आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर बेअरिंगवर काटकसर करण्यात अर्थ नाही.

वीज कोणती द्यावी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कॅबिनेट फॅन मागितला की दुकानदार अनेकदा धातूच्या चौकटीचा, थेट २३० व्होल्टवर चालणारा पंखा पुढे ठेवतो. तो कारखान्यातल्या पॅनेलसाठी उत्तम असतो, दणकट असतो, पण त्याचा वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, त्याची मोटरच १५ ते २० वॅट उष्णता सोडते आणि विजेच्या लहरींची गुणगुण त्यात कायम असते. त्याचा वेग नीट कमी करता येत नाही. शिवाय घरच्या फर्निचरमध्ये २३० व्होल्टची उघडी टोके आणण्याचा धोका कशाला पत्करावा? दुकानात ‘१२ व्होल्ट डीसी, १२० मिलिमीटर, संगणकाच्या केसचा पंखा’ असे स्पष्ट मागावे.

५ व्होल्टचे यूएसबी पंखेही मिळतात आणि ते सोयीचे असतात. ते टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो प्रत्येक घराला लागू पडत नाही. यूएसबी २.० पोर्टकडून अर्ध्या ॲम्पिअरपर्यंतच वीज मिळण्याची खात्री असते, म्हणून दोन पंखे जोडण्याआधी त्यांच्यावरचा ॲम्पिअरचा आकडा पाहावा. त्याहून मोठी अडचण म्हणजे टीव्ही बंद केला की अनेक टीव्हींचे पोर्टही बंद होते, आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर तर रात्रभर चालू असतो. खणात फक्त सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर असेल तर टीव्हीचे पोर्ट योग्य. रेकॉर्डर असेल तर जुना मोबाइल चार्जर वापरून वेगळी वीज द्यावी.

१२ व्होल्टच्या पंख्याचा वेग कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्याच्यावर ३ ते १२ व्होल्टपर्यंतचे खटके असतात असा बदलता ॲडॅप्टर. पंखा ७.५ व्होल्टवर चालवला तर तो निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने फिरतो आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. काही पंखे ५-६ व्होल्टवर फिरत राहतात, पण थांबलेल्या स्थितीतून सुरू होत नाहीत. वीज गेली आणि परत आली की ते अडून बसतात. म्हणून जो व्होल्टेज ठरवाल त्यावर ॲडॅप्टर पाच-सहा वेळा बंद-चालू करून पंखा दर वेळी आपणहून सुरू होतो याची खात्री करावी. लोडशेडिंगच्या गावात ही तपासणी टाळू नये.

चार पिनांचा पंखा घेतला तर पहिली पिन ऋण, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी वेग सांगणारी आणि चौथी वेग नियंत्रित करणारी असते. ॲडॅप्टरने व्होल्टेज कमी करणार असाल तर फक्त पहिल्या दोन पिना वापराव्यात आणि बाकीच्या दोन मोकळ्या सोडाव्यात. चौथ्या पिनेवर सेकंदाला २५,००० स्पंदांचा संदेश देणारे छोटे नियंत्रक मिळतात. ते जोडले तर व्होल्टेज पूर्ण १२ ठेवून वेग हवा तसा बारीक करता येतो. हा प्रकार थोडा महाग, पण अधिक भरवशाचा.

तापमान वाढले की पंखा सुरू करणारे थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतात. त्यांच्यातील रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, दर वेळी ‘टक्’ असा आवाज करतो, आणि शांत खोलीत थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होणारा पंखा सतत मंद चालणाऱ्या पंख्यापेक्षा जास्त लक्ष वेधतो. कान सलग आवाज विसरतात, बदलता आवाज विसरत नाहीत. म्हणून घरासाठी सतत मंद चालणारा पंखा किंवा तापमानाप्रमाणे वेग हळूहळू बदलणारा नियंत्रक हेच पर्याय विचारात घ्यावेत.

भोक, फट आणि जाळी

इथे मात्र कोणतीही घाई करू नये, कारण चांगला पंखा वाईट भोकावर बसवला तर तो हमखास आवाज करतो.

पंखा खणाच्या मागच्या बाजूला, शक्य तितक्या वर, हवा बाहेर फेकेल असा बसवावा. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या काड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. अनेक चौकटींवर बाणही असतो. हवा आत येण्याची वाट पुढून, खालून आणि पंख्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून असावी, म्हणजे हवेला सगळ्या उपकरणांवरून जावे लागेल. दोन्ही भोके जवळजवळ असली की बाहेर गेलेलीच गरम हवा परत आत येते.

१२० मिलिमीटरच्या पंख्याचे तोंड सुमारे १०४ चौरस सेंटिमीटर असते. आत येण्याची वाट त्याच्या दीडपट, म्हणजे १५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. ६० सेंटिमीटर रुंदीच्या शटरच्या खाली अडीच सेंटिमीटरची फट सोडली की तेवढी वाट होते आणि समोरून ती दिसतही नाही. फर्निचर तयार होण्याआधीच सुताराला हे सांगितले तर काम चोख होते. पंख्यासाठीचे गोल भोक ११५ मिलिमीटर व्यासाचे पाडून घ्यावे, आणि स्क्रूची चार भोके एकमेकांपासून १०५ मिलिमीटर अंतरावर आखावीत.

मागच्या भिंतीचे अंतर हा सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग. पंख्याच्या मागे भिंत चिकटून असेल तर हवा कुठे जाणार? पंख्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश, म्हणजे १२० मिलिमीटरच्या पंख्यामागे निदान ३ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि ५ सेंटिमीटर मिळाली तर फारच उत्तम. युनिट भिंतीला पक्के ठोकलेले असेल तर पंखा बाजूच्या फळीत बसवावा. शेजारच्या बंद ड्रॉवरच्या खणात हवा सोडणे व्यर्थ आहे. काही तासांत तो खणही तेवढाच तापतो.

जाळी आपल्याकडे टाळता येत नाही. उबदार, अंधाऱ्या खणात झुरळे आणि पाली हमखास येतात, आणि पालीचे शेपूट पात्यात अडकले तर पंखा जाम होतो. दीड-दोन मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी आत येण्याच्या वाटेवर लावावी, आणि जाळीच्या तारांमुळे वाट बरीच आक्रसते म्हणून ती फट दीड-दोन पट मोठी ठेवावी. पंख्याच्या तोंडावर मात्र बारीक जाळी चिकटवू नये. पात्यात शिरणारी हवा जितकी विस्कळीत तितका पंखा जास्त घोंगावतो. म्हणून तिथे गोल तारांचे साधे ग्रिल लावावे, वायरींचे जुडगे पंख्याच्या आतल्या तोंडापासून दूर बांधावे, आणि बाहेरच्या बाजूला जाळी हवीच असेल तर ती पंख्यापासून एक-दोन सेंटिमीटर पुढे ठेवावी.

थरथर तोडावी

पंख्याची स्वतःची थरथर अगदी बारीक असते, पण प्लायची पोकळ पेटी तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे तिला मोठे करते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरला की १४० हर्ट्झचा सूर निघतो, आणि नेमक्या अशाच खर्जाच्या सुरांना मागची ६ मिलिमीटरची पातळ प्लाय साथ देते. पंखा तिथे स्क्रूने घट्ट आवळण्याऐवजी रबरी किंवा सिलिकॉनच्या पिनांवर बसवावा. चांगल्या पंख्यांबरोबर त्या खोक्यातच येतात. पिना नसतील तर चौकटीच्या चारही कोपऱ्यांखाली रबराच्या पट्ट्या ठेवून स्क्रू हलकेच लावावेत. पंखा हातात धरल्यावर गप्प आणि फळीला टेकवल्यावर बोलू लागला, तर दोष पंख्याचा नसून तो बसवण्याच्या पद्धतीचा आहे हे लगेच कळते. फळी फारच पातळ असेल तर भोकाच्या भोवती मागून १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा चिकटवून ती भारी करावी.

दोन पंखे असतील तर आणखी एक बारकावा. दोघांचा वेग जवळजवळ सारखा पण किंचित वेगळा असला की आवाज लाटेसारखा वरखाली होत राहतो, आणि तो फार त्रासदायक वाटतो. एकाचा वेग मुद्दाम थोडा जास्त कमी केला की हा त्रास जातो.

बसवल्यानंतरची परीक्षा

उदबत्ती पेटवून ती शटरखालच्या फटीपाशी धरावी. धूर सरळ आत ओढला जात असेल तर वाट बरोबर आहे. तो तिथेच रेंगाळला, किंवा शटरच्या वरच्या फटीतून आत जाऊ लागला, तर हवा जवळची वाट घेत आहे आणि वरची फट फोमच्या पट्टीने बुजवायला हवी. धूर पाहताना ठिणगी वायरींपासून दूर ठेवावी.

त्यानंतर वायरला सेन्सर असलेला, मासे पाळणारे वापरतात तसला छोटा डिजिटल थर्मामीटर घेऊन त्याचे टोक खणात वरच्या बाजूला, पण कोणत्याही उपकरणाला न टेकवता सोडावे. शटर लावून सगळी उपकरणे नेहमीप्रमाणे चालू ठेवावीत आणि दोन-तीन तास थांबावे, कारण लाकूड सावकाश तापते आणि पहिल्या अर्ध्या तासातला आकडा फसवा असतो. मग आतले आणि खोलीतले तापमान एकाच वेळी वाचून फरक काढावा. फरक ६ अंशांपेक्षा बराच कमी असेल तर व्होल्टेज आणखी एक खटका खाली आणावा; जास्त असेल तर वेग वाढवण्याआधी फट, जाळी आणि भिंतीचे अंतर पुन्हा तपासावे. रेकॉर्डरच्या मेनूमध्ये हार्ड डिस्कचे तापमान दिसत असेल तर तेही पाहावे.

आवाजाची परीक्षा रात्री, छताचा पंखा बंद करून, रोजच्या बसण्याच्या जागेवरून करावी. मोबाइलमधल्या डेसिबल ॲपवर विसंबू नये; फोनच्या माइकला ३० डेसिबलच्या खालचे आवाज नीट मोजता येत नाहीत, इथे कानच जास्त खात्रीचा.

पंख्यावर आणि जाळीवर धूळ बसली की हवा कमी होते आणि पात्यांचा तोल जाऊन थरथर वाढते. दर दोन-तीन महिन्यांनी जाळी झटकावी, आणि दिवाळीच्या साफसफाईत पंखा काढून मऊ ब्रशने पाती पुसावीत. ब्लोअर मारणार असाल तर पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. साफ केल्यानंतरही सुरू होताना कुरकुर ऐकू येत असेल आणि ती काही मिनिटांनी थांबत असेल, तर बेअरिंगमधले वंगण संपत आले आहे. त्यात शिलाई मशीनचे तेल सोडून पंखा काही आठवडे चालतो, पण रेकॉर्डरसारखे सतत चालणारे उपकरण आत असेल तर त्यात वेळ न घालवता त्याच मापाचा नवा पंखा बसवावा.